दोनशे एकेचाळिसावी दाढी

इस्राएलच्या बाराही वंशांना दाढ्या मी चिकटवल्या आहेत. मोशेला तीनदा, कारण पहिले दोन मोशे बाटलीपायी मध्येच बदलावे लागले. समुद्र दुभंगला त्या दिवशी सकाळी सातच्या आत माझ्या हातून नऊशे दाढ्या लागल्या होत्या. समुद्राला मात्र दुपारचे चार वाजले, पंप बिघडला होता म्हणून. हे सगळं खरं आहे. आता सांगतो ते याहून खरं आहे.

साल १९५३. हॉलिवूडमधल्या आमच्या कंपनीत तेव्हा बायबलचे चित्रपट निघत होते, एकामागोमाग एक, आणि प्रत्येकात एक वाईट राणी लागायची. वाईट राणी म्हणजे सलीना आशूर. दलीला तिने केली, शबाची राणी तिने केली. तिसरी चालू होती ईजबेल, जिला शेवटी खिडकीतून खाली फेकतात आणि कुत्री खातात. तिने नुसती भुवई उचलली की पडद्यावरचे संदेष्टे घाम पुसायचे आणि थिएटरातले नवरे बायकोचा हात सोडायचे.

कंपनीने तिचं चरित्र छापलं होतं. जन्म दमास्कसचा, बाप अत्तराचा व्यापारी, आई उंटावरून पडून मेली, पोर वाळवंटात तंबूत वाढली. हे चरित्र प्रसिद्धी खात्यातल्या एका माणसाने डोनट खाता खाता लिहिलेलं. दर सोमवारी तिच्या केसांची मुळं मी काळी करायचो, तेव्हा त्या मुळांचा खरा रंग मला ठाऊक होता. वाळलेल्या मक्याचा. दमास्कसात असा मका पिकत नाही. पण मी बुडापेस्टचा न्हावी. आमच्यात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर काय आहे ते डोक्यावरच ठेवतात.

करार तिचा सात वर्षांचा होता. आता आमच्याकडचे करार कसे, तर बाईने सात वर्षं बांधून घ्यायचं आणि कंपनीने दर वर्षी ठरवायचं, ठेवायची की घालवायची. शिवाय एक कलम होतं: लोक हसतील असं काही उघडकीस आलं तर करार तिथल्या तिथे संपला. त्या वर्षी निर्णयाची तारीख होती तीस सप्टेंबर, आणि सलीना एकेचाळीस वर्षांची होती. कागदावर एकतीस.

ऑगस्टच्या शेवटी मला पहिला संशय आला.

गर्दीतल्या वडीलधाऱ्यांसाठी ऑफिसातून यादी यायची. दोनशे चाळीस माणसं, दोनशे चाळीस दाढ्या. संध्याकाळी माणसं तोंडं पुसून जायची आणि दाढ्या माझ्याकडे परत यायच्या, आतून डिंकाने माखलेल्या. त्या दिवशी डिंक लागलेल्या दाढ्या दोनशे एकेचाळीस निघाल्या. मी पुन्हा पाहिल्या. दोनशे एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही, आणि पुढे नवव्या दिवसापर्यंत. माझ्या जादा दाढ्यांच्या पेटीतून कोणीतरी रोज एक उचलत होतं, स्वतःच लावत होतं आणि इमानदारीने परत टाकत होतं. चोर असता तर मी झोपलो असतो. परत करणारा चोर मला झोपू देत नाही.

मी ती दाढी शोधून काढली. कशी? पुरुषाच्या तोंडावरची दाढी उतरवली की डिंकात त्याचे स्वतःचे खुंट अडकून येतात. दुपारपर्यंत कुणाचेही खुंट वाढतातच. या दाढीच्या डिंकात एकही खुंट नव्हता. होती ती टाल्कम पावडर.

मी सलीनाच्या खोलीत गेलो. दार लावलं. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणी पाठवलं तुला?"

"कुणी नाही, मॅडम. गर्दीत एक बाई आहे. दाढी लावून."

ती हसली नाही. आमच्याकडे लोक एकमेकांनी दिलेली कॉफीसुद्धा आधी हुंगून मग प्यायचे, तर हसणार कोण? तिने आरशातच माझ्याकडे बघत विचारलं, "कुठे उभी असते?"

"ते नाही कळलं. पण नऊ दिवस येतेय."

"मार्व्हा क्विन," ती म्हणाली.

मार्व्हा क्विन ही बावीस वर्षांची मुलगी कंपनीने नुकतीच आणली होती. दात सगळे स्वतःचे. जेवणाच्या हॉलमध्ये सलीना सूप घ्यायला उठली की ती मागून तिची चाल करून दाखवते, असं लोक सांगायचे. मी पाहिलं नव्हतं, पण सांगणारे फार होते.

"माझी चाल चोरतेय," सलीना म्हणाली. "तीस तारखेला मला काढतील आणि पुढची राणी ती. आणि तू, डेझो? दाढ्यांची पेटी तुझ्या ताब्यात असते ना? किल्ली तूच दिली असशील."

"पेटीला किल्लीच नाही, मॅडम."

"हेच मी म्हणतेय."

शेवटी ठरलं असं: दुसऱ्या दिवशी मोठ्या दरबाराचं दृश्य होतं. राणी वडीलधाऱ्यांच्या रांगांमधून चालत जाते. मी कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून एकेक दाढी निरखायची. माझ्या हातची नसलेली, वेडीवाकडी लावलेली दाढी दिसली की टोपी काढायची. पुढचं ती बघणार होती.

"सगळ्यांसमोर?" मी विचारलं. "उद्या तर मिस प्रूइट येणार आहे."

हॉर्टेन्स प्रूइट वर्तमानपत्रांत नटनट्यांच्या भानगडी लिहायची. तिच्या हॅटवर मेलेला पक्षी असायचा आणि तो तिच्यापेक्षा प्रेमळ दिसायचा.

"मग उत्तमच," सलीना म्हणाली. "कंपनी माझ्या मागे काय काय करते ते तिनेच लिहू दे."

दुसऱ्या दिवशी इतकं ऊन होतं की खांबांचा सोनेरी रंग बोटाला लागत होता. दिग्दर्शक ऑगस्ट राइनहोल्ट कर्ण्यातून ओरडत होता, मिस प्रूइट छत्रीखाली बसून लेमोनेड पीत होती आणि मी दाढ्या बघत होतो. पहिली रांग ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्या रांगेत, सिंहासनापासून चार हातांवर, मला ती दिसली.

तीस वर्षांत इतकी भिकार दाढी मी पाहिली नव्हती. डावीकडे दाट, उजवीकडे विरळ. हनुवटीखाली पिवळट, कानाजवळ करडी, आणि मध्येच एक झुपका पुढे आलेला, जणू कुणीतरी पायपुसणं कापून लावलंय. माझ्या खोलीतून असली दाढी बाहेर गेली असती तर मी स्वतःला कामावरून काढलं असतं.

मी टोपी काढली.

सलीना चालत आली. काय चाल होती! कॅमेरा चालू, तुतारी चालू, पंखेवाले पंखा घालतायत. ती तिसऱ्या रांगेशी थांबली, वळली, त्या म्हाताऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पकडली तुला, मार्व्हा." आणि दोन्ही हातांनी दाढी ओढली.

दाढी आली नाही. म्हातारा आला.

तो असा ओरडला की पिंजऱ्यातले मोर आत पळाले. सलीनाला वाटलं डिंक जास्त लावलाय, म्हणून तिने पाय रोवून पुन्हा ओढली. चूक माझी, हे मी आजही कबूल करतो. जन्मभर खोट्या दाढ्या केल्या की खरी दाढी खोटी वाटायला लागते. देवाने कोणतीही दाढी माझ्याइतकी नीट लावलेली नाही. तो म्हातारा म्हणजे डॉक्टर एझ्रा पेटिंगिल, जुन्या कराराचे प्राध्यापक, पाद्री. चर्चची मंडळी कुरकुर करतात म्हणून कंपनीने त्यांना सल्लागार नेमलं होतं. त्यांचा तो पहिलाच दिवस. दरबाराचे रीतिरिवाज जवळून तपासावेत म्हणून झगा घालून रांगेत उभे राहिले होते बिचारे.

"सोडा, बाई! सोडा!" ते ओरडत होते. "ही माझी आहे!"

आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून दुसरा एक म्हातारा पुढे घुसला. दाढी माझ्या हातची, पण किंचित वर लावलेली, जवळजवळ डोळ्यांपर्यंत. त्याने काठी आपटली आणि खणखणीत आवाजात म्हणाला:

"अ‍ॅग्नेस! सोड त्यांना! म्हाताऱ्या माणसाची दाढी ओढतात का गं? हेच शिकवलं का मी तुला?"

सलीनाचे हात सुटले.

मी तिला दलीला करताना पाहिलं होतं, शबाची राणी करताना पाहिलं होतं. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर यातलं कुणीच नव्हतं. शाळेतून उशिरा घरी आलेली एक पोर होती. एक श्वासभर. मग मिस प्रूइटची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ती पोर आत गेली.

"अ‍ॅग्नेस कोण?" मिस प्रूइटने विचारलं. वही उघडी होती.

"मला काय माहीत?" सलीना म्हणाली. "उन्हाने डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. मी या माणसाला ओळखत नाही."

त्या म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. मग वाकून, आवाज जाड करून म्हणाला, "माफ करा, राणीसाहेब. माझ्या मुलीसारख्या दिसलात. ती पण अशीच तापट आहे."

पहारेकरी धावत आले. पण त्यांच्या आधी राइनहोल्टचा कर्णा गरजला: "थांबा! त्या म्हाताऱ्याला कुणी हात लावू नका! ऐकलात तो आवाज? सहा आठवडे मी दोनशे चाळीस मुक्या बकऱ्यांमध्ये उभा आहे, आणि हा माणूस मागच्या रांगेत! डेझो, याला पुढे आण. याला संवाद देतो."

मी म्हाताऱ्याला माझ्या खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं आणि स्पिरिटच्या बोळ्याने दाढी सोडवली. खालून निघाली साठी उलटलेली एक बाई. उन्हात रापलेली, गालांवर टाल्कम पावडर, डोक्यावर वाळलेल्या मक्याच्या रंगाचे केस, निम्मे पांढरे.

"इंगेबोर्ग ब्लोमक्विस्ट," ती म्हणाली. "नेब्रास्का. तुमचा डिंक फार खाजतो हो."

"पण तुम्ही आत आलात कशा?"

"बायकांच्या रांगेत उभी राहिले तर म्हणाले, नाचता येतं का? मग पुरुषांच्या रांगेत गेले. तिथे कुणी काहीच विचारत नाही." तिने हनुवटी खाजवली. "न्हाविणीकडे मासिकात वाचलं की मी दमास्कसात उंटावरून पडून मेले. म्हटलं, जाऊन बघावं तरी."

"मग पहिल्याच दिवशी भेटला का नाहीत तिला?"

"तिचं नुकसान करायला आले नव्हते. लांबून बघत होते. चांगली दिसते ना? फक्त जेवत नाही."

दार उघडलं. सलीना आत आली, मुकुटासकट, आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. आईजवळ गेली नाही.

"कुणी बोलावलं तुला?" तिने विचारलं. "खरं सांग. मिस्टर टॅलबर्टने?" टॅलबर्ट म्हणजे कंपनीचा मालक. "तीस तारखेच्या आधी मला काढायला कारण हवंय त्याला. तिकीट कुणी दिलं?"

"अंड्यांनी," आई म्हणाली. "कोंबड्या आहेत अजून आठ."

"मी पत्रं बंद केली म्हणून तू हे केलंस."

"पत्रं बंद केलीस ते मी समजून घेतलं. मेलेल्या बाईला कोण लिहिणार?" ती शांतपणे म्हणाली. "पण आज छान खोटं बोललीस हो. लहानपणी यायचं नाही तुला. कान लाल व्हायचे."

सलीना मुकुटाखालचे कान झाकायला हात वर नेणार होती. मी पाहिलं. नेला नाही.

"ही जाणार," ती मला म्हणाली. "उद्याच्या बसने."

पण राइनहोल्टने तोपर्यंत चार संवाद लिहून घेतले होते, आणि राइनहोल्टला नाही म्हटलं तर तो का म्हणून विचारायला यायचा. तेव्हा बाई राहिली. कागदावर 'मिस्टर ब्लोम'. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मी तिला दाढी लावायचो, अशी की जवळ आलेल्या माशीलाही शंका येऊ नये. दुपारी मिस्टर ब्लोम राणीच्या खोलीचं दार वाजवून, डब्यातून उकडलेले बटाटे आणि मासा आत द्यायचे. पहिले तीन दिवस डबा भरलेला परत आला. चौथ्या दिवशी रिकामा.

आता असल्या गोष्टी आमच्याकडे झाकून राहतात होय? मिस प्रूइटने लिहिलं, 'एक काळ्या डोळ्यांची राणी सध्या सत्तरीच्या एका एक्स्ट्राबरोबर बंद दाराआड जेवते. अ‍ॅग्नेस कोण, याचंही उत्तर अजून मिळालेलं नाही.' टॅलबर्टने मला बोलावून विचारलं, "हा ब्लोम कोण आहे? हिचा नवरा आहे का? बाप आहे का?"

"दाढी खरी आहे का ते विचारा, साहेब," मी म्हणालो, "माझं ज्ञान तेवढंच." त्या दिवसापासून माझ्या खोलीबाहेर एक माणूस वर्तमानपत्र वाचत बसायला लागला. चार दिवस एकच वर्तमानपत्र.

सलीना तर आणखी बिथरली. डबा रिकामा करायची, आणि आई गेली की मला विचारायची, "काय विचारते ती? कुणाशी बोलते? पत्रं टाकते का कुणाला?" स्वतःच्या आईवर पाळत ठेवायला मला सांगत होती, आणि माझ्यावर ठेवायला कुणाला सांगितलं होतं, देव जाणे.

अठ्ठावीस सप्टेंबरला शेवटचं दृश्य होतं. ईजबेलला खिडकीतून खाली टाकतात. पुतळा मी केला होता: साठ किलो वाळू भरलेला, तिच्या मापाचा, अंगावर तिच्यासारखाच झगा, डोक्यावर मी एकेक करून ओवलेले केस. वडीलधाऱ्यांनी खाली उभं राहून हसायचं होतं, मिस्टर ब्लोम सगळ्यांत पुढे. "पुतळा पडणार आहे बरं का," मी तिला सकाळी सांगितलं होतं. तिने मान हलवली होती. मिस प्रूइट पुन्हा आली होती, आणि या वेळी ती राणीकडे नाही, ब्लोमकडे बघत होती.

आधी सलीनाने खिडकीत उभं राहून किंचाळून घेतलं. मग ती पडद्यामागे सरकली. राणीचे खोजे झालेल्या नटांनी पुतळा उचलला आणि सोडला.

पुतळा वाऱ्यावर फिरला. केस मोकळे सुटले. खरंच सांगतो, इतकं चांगलं काम मी पुन्हा कधी केलं नाही. मलासुद्धा क्षणभर ती वाटली.

म्हातारी हसली नाही. तिने काठी टाकली, झगा गुडघ्यापर्यंत धरला आणि दोन्ही हात पसरून बरोबर त्याच्या खाली धावली.

"आई!" वरून आवाज आला. "आई, बाजूला हो! तो पुतळा आहे! आई गं!"

म्हातारी थबकली. साठ किलो वाळू तिच्या बोटांपासून वीतभर अंतरावर आपटली आणि फुटली.

राइनहोल्ट 'कट' म्हणायला विसरला. कॅमेरा तेवढा घरघरत होता. मिस प्रूइट सावकाश माझ्याकडे वळली.

"डेझो, ती त्या म्हाताऱ्याला काय म्हणाली?"

माझ्याकडे सात उत्तरं तयार होती, सातही उत्तम. एकात तर सीरियातल्या एका जमातीची प्रथाही होती. पण सलीना तोवर शिडी उतरून खाली आली होती. झगा खिळ्याला अडकून फाटला, तिने पाहिलंही नाही. ती वाळूतून चालत म्हातारीपाशी गेली, तिचे हात उलटसुलट करून बघितले, लागलंय का म्हणून. कान लालबुंद झाले होते.

"मिस प्रूइट," ती पाठ न वळवता म्हणाली, "ही माझी आई आहे. नेब्रास्काहून आलीय. मी पण तिथलीच. अ‍ॅग्नेस मीच."

"दाढी?" मिस प्रूइटने विचारलं.

"ती डेझोची," म्हातारी म्हणाली.

तीस तारखेला कंपनीचं पत्र आलं. तीन ओळींचं. मिस प्रूइटने सगळं छापलं होतं, लोक हसले होते, कलम होतं, करार संपला. डॉक्टर पेटिंगिलनी मात्र टॅलबर्टला लिहिलं की सबंध चित्रपटात बायबलला धरून असलेला एकच प्रसंग त्यांनी पाहिला, आणि तो पटकथेत नव्हता. टॅलबर्टने तो कापून टाकला.

मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. सलीनाने गाडीत सामान टाकलं. पहारेकऱ्याने सवयीने सलाम केला आणि मग आठवून हात खाली घेतला. पुढच्या सीटवर म्हातारी नकाशा मांडीवर पसरून बसली होती, उलटा.

"डावीकडे वळ," ती म्हणाली.

"आई, डावीकडे समुद्र आहे."

"मग बघूया की. मी कुठे पाहिलाय?"

गाडी डावीकडे वळली.